सव्वीसशे फेऱ्यांवरचा खड्डा

दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले की बोरगाव मेघेच्या आमच्या रस्त्यावरून कापसाची वाहतूक सुरू होते. ट्रॉल्यांना वरून जाळी बांधलेली असते, तरी उडायचा तेवढा कापूस उडतोच. बाभळीला, विजेच्या तारांना, आमच्या फाटकाच्या कडीला पांढरे पुंजके लटकून राहतात. सकाळी अंगण झाडताना एखादा हाताशी आला तर मी तो केरात टाकत नाही. बोटांनी उकलून आतली सरकी काढते आणि दाताखाली धरते. तेलकट, हिरवट चव येते. माझ्या वयाच्या बाईनं असं करू नये म्हणतात, पण हंगाम लागला हे मला त्याशिवाय पटत नाही.

हंगाम दरवर्षी येतो, आठवतो मात्र एकच. त्या हंगामात मी कापूस फारसा पाहिलाच नाही. मी एक इंजिन पाहिलं. ते समजून घ्यायला दत्तजयंतीपासून शिवरात्रीपर्यंतचे दिवस लागले.

वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. आम्ही नाचणगावला राहायचो. बाबा पुलगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिन-फिटर होते आणि मी नुकतीच नागपूरहून बी.एस्सी. होऊन पुलगावच्या मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागले होते. सकाळी आम्ही दोघं बरोबरच पायी निघत असू. थंडीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर दव असायचं. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असायच्या. फॅक्टरीच्या दिशेनं कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांची घरघर आधी पायांना जाणवायची आणि मग कानांना. बाबा चालता चालता थांबत आणि म्हणत, "तीन नंबरचं बेअरिंग गरम होऊन राह्यलं." पोचल्यावर पाहावं तर खरंच ते गरम झालेलं असायचं.

फॅक्टरीच्या मालकांचे धाकटे भाऊ, त्यांना सगळे धाकटे बाबूजी म्हणत, त्या वर्षी मुंबईहून एक मोटार घेऊन आले. लाल रंगाची, विलायती, वरून उघडी, फक्त दोन माणसांची. तिच्या आधीच्या मालकानं ती शर्यतीत पळवली होती. गावातली पोरं ती पाहायला फॅक्टरीच्या फाटकाशी गर्दी करत. बाबूजी स्वतः चालवत, पण लांब जायचं असलं की किसनकाकांना घेत.

किसनकाका आमच्या गल्लीतले, तीन घरं सोडून राहणारे. वीस वर्षं त्यांनी फॅक्टरीचा ट्रक चालवला होता. बोलणं कमी आणि हात फार हलका. मी नागपूरला शिकायला गेले तेव्हा माझी ट्रंक त्यांच्याच ट्रकमधून स्टेशनवर गेली होती. ती लाल मोटार पहिल्यांदा चालवून आले त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बसून बाबांना म्हणाले, "गाडी चांगली हाये. वरतं गेली का वाऱ्यासारखी पळते. पण मधातच दम सोडते."

"मधात म्हंजे?"

"तिसऱ्या गिअरात. ओढत ओढत येते, अन् एका जागी अशी ढिली पडते. मंग पुन्हा पकडते."

त्यांनी हे बाबूजींनाही दोनदा सांगितलं. बाबूजींनी गाडी नागपूरच्या एका वर्कशॉपला दाखवली. तिथल्या लोकांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि काही दोष नाही म्हणून परत केली.

त्यानंतर दहा दिवसांनी देवळीच्या रस्त्यावर ते घडलं. पुढं कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. समोरून, बऱ्याच अंतरावर, कापसाच्या बैलगाड्यांची रांग येत होती. ओलांडून जायला जागा भरपूर होती. काकांनी गाडी बाहेर काढली, पेडल दाबलं आणि गाडी ट्रकच्या बरोबरीला येऊन तिथंच रेंगाळली. पुढंही जाईना, मागंही येईना. बैलगाड्या जवळ आल्या तशी काकांनी गाडी उजवीकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून खाली तुरीच्या शेतात घातली. बैलांना खरचटलं नाही. काकांच्या कपाळाला खोक पडली आणि बाबूजींचा डावा हात मोडला.

बाबूजी दवाखान्यातून आले ते हात गळ्यात बांधून. फॅक्टरीच्या अंगणात, वजनकाट्यापाशी, सगळ्या हमालांसमोर आणि गाडीवानांसमोर ते म्हणाले, "घाबरला हा. ऐनवेळी पाय काढला यानं. मी शेजारीच बसलो होतो, गाडीचा आवाज पडलेला मी माझ्या कानांनी ऐकला."

काका म्हणाले, "म्या पाय नाई काढला बाबूजी. पाय खालीच होता. गाडीनंच दम सोडला."

"गाडीत काही दोष नाही हे नागपूरहून लिहून आलंय. आता वरून खोटं बोलू नको."

त्याच दिवशी काकांचं काम सुटलं. पुलगावात ज्यांच्याकडे मोटारी किंवा ट्रक होते त्या सगळ्यांकडे ही गोष्ट आठवड्याभरात पोचली. ऐनवेळी घाबरणारा ड्रायव्हर कोण ठेवणार? काका घरी बसले. त्यांची बायको गिरजाकाकू विहिरीवर आली की बायका बोलायच्या थांबत. ती घागर भरायची, कुणाकडे न पाहता निघून जायची.

मला इथं एक कबूल केलं पाहिजे. पहिले काही दिवस मलाही वाटलं होतं की काका घाबरले असतील. वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला त्या लहानशा, जमिनीला टेकलेल्या गाडीत बसून समोरून बैल येताना दिसले, तर पाय आपोआप उचलला जाऊ शकतो. त्यांना स्वतःलाही ते कळलं नसेल. मी हे बाबांना म्हटलं. बाबा जेवत होते. त्यांनी हातातला घास तसाच ठेवला.

"किसननं अपघाताच्या कितीतरी आधी ओट्यावर बसून काय सांगितलं होतं? तुह्या समोरच सांगितलं होतं न?"

"हो. पण नागपूरवाल्यांनी पाहिली ना गाडी."

"उभ्या गाडीत फेरे वाढवून पाह्यले त्यायनं. रिकामं इंजिन कोणतंबी पळते. वझं टाकून पाह्यलं काय कोणी?" मग घास उचलत म्हणाले, "मी पाहीन."

गाडी फॅक्टरीच्या मागच्या शेडमध्ये पडून होती. पुढचा मडगार्ड चेपला होता, इंजिनाला काही झालं नव्हतं. बाबूजी ती विकायच्या विचारात होते. बाबांनी त्यांच्याकडे शिवरात्रीपर्यंतची मुदत मागितली. बाबूजींना वाटलं, मिस्त्री मडगार्ड सरळ करून देतोय. ते हो म्हणाले.

आठवड्यातून एक दिवस जिन बंद असायचा. त्या दिवशी सकाळीच आम्ही शेडमध्ये जात असू. बाबांनी गाडीचा मागचा भाग लाकडाच्या ओंडक्यांवर उचलून घेतला. एक मागचं चाक जखडून टाकलं, दुसरं काढून त्या जागी जिनाची एक जुनी लोखंडी पुली बसवली. पुलीवर सुताचा जाड दोर गुंडाळला. दोराचं एक टोक वर तुळईला टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याला बांधलं, दुसऱ्या टोकाला वजनं लावायची. दोर जेवढा आवळला जाईल तेवढं इंजिनावर ओझं, आणि काटा सांगणार की इंजिन किती जोर लावतंय. चाक फिरवण्याच्या या जोराला पुस्तकात टॉर्क म्हणतात. बाबा त्याला खेच म्हणत.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले, तिसऱ्या गिअरात. पेडल तळापर्यंत दाबायचं आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीवर इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते वाचायचे. बाबा वजन वाढवत, काटा वाचत आणि पुलीवर पाणी ओतत. पाणी पडताच वाफेचा ढग उठायचा, ओल्या सुताचा करपट वास शेडभर पसरायचा. अर्धं मिनिट चालवून बंद करायचं, पुली निवू द्यायची, पुन्हा सुरू. छपरावर बसलेली जिनाची रुई आवाजानं हलून आमच्या डोक्यांवर पडायची. दुपारी डबा खाताना आम्ही दोघं म्हातारे दिसायचो.

बावीसशे फेऱ्यांना काटा एकशे सत्तर पौंड दाखवत होता. चोवीसशेला एकशे साठ. सव्वीसशेला एकशे अडतीस. त्याच्या पुढं काटा एका जागी उभाच राहीना. सव्वीसशेच्या वर इंजिन एक तर घसरून खाली यायचं, नाही तर एकदम तीन हजारांवर उडी मारायचं, आणि तिथं काटा पुन्हा एकशे पंचाहत्तर. मधले आकडे मिळेनात. बाबांनी मग वजनं काढून दोर स्वतःच्या हातात घेतला, हातानं ढिला-घट्ट करत इंजिनाला त्या जागेवरून हळू हळू चालवलं आणि मी जाता जाता आकडे टिपले. त्यांच्या तळहातांना फोड आले. पुढच्या आठवड्यात ते हातांना चिंध्या बांधून आले.

घरी येऊन मी शाळेच्या आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि जोडले. रेघ वर चढत होती, मधेच खाली उतरली आणि पुन्हा वर गेली. सव्वीसशेच्या डोक्यावर एक खड्डा. बाबांनी कागद उजेडाशी धरला.

"हाच," ते म्हणाले. "किसन याच जागेबद्दल सांगत होता."

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली. काकांनी नुसत्या पावलानं जे ओळखलं होतं ते मला कागदावर दिसेपर्यंत मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा कागद घेऊन बाबूजींकडे गेले, मीही गेले. बाबूजींनी कागद नीट पाहिला. ते शिकलेले होते, आलेख त्यांना कळत होता. पण म्हणाले, "पेडलवर कोणाचा पाय होता? बाईंचा. गाडी थरथरली की बाईंचा पायही हलला असेल. याच्यानं काय ठरतं?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबांनी बाभळीचा एक ठोकळा तासून आणला, पेडल आणि सीट यांच्यामध्ये घट्ट बसेल असा. "हा काई घाबरत नाई," ते म्हणाले. ठोकळा लावला, मोजलं. खड्डा तिथंच होता.

पण खड्डा आहे एवढ्यावर मला थांबायचं नव्हतं, आणि बाबांनाही. तो का आहे? पेट्रोलची नळी काढून धुतली, खड्डा राहिला. प्लग बदलले, ठिणगीची वेळ मागं-पुढं केली, खड्डा राहिला. दोन्ही कार्बोरेटर उलगडून साफ केले, पुन्हा बसवले. पौष सरला. शाळेत माझ्या हातांना पेट्रोलचा वास येतो म्हणून मुली हसत. मी फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता थांबायची आणि मला ती उतरती रेघ दिसायची.

मग एके दिवशी बाबांनी कार्बोरेटरच्या तोंडावरची जाळी काढून ठेवली होती आणि ठोकळा लावून इंजिन चालू होतं. फेरे चोवीसशेवरून सव्वीसशेवर आले, तसं बाबांनी मला हातानं बोलावलं. दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांसमोर, बाहेर, हवेत, पेट्रोलचं बारीक धुकं उभं होतं. आत जायला हवं ते बाहेर येऊन थबकलं होतं. फेरे वर गेले, धुकं नाहीसं झालं. खाली आणले, पुन्हा उभं राहिलं.

"उलटा श्वास घेऊन राह्यलं हे," बाबा म्हणाले.

त्यांनी त्याच दिवशी इंजिनाचं वरचं झाकण काढलं आणि इंजिन हातानं फिरवत झडपा कधी उघडतात, कधी मिटतात ते खडूनं खुणा करून पाहिलं. जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप मिटायच्या कितीतरी आधी आत घेणारी झडप उघडत होती. दोन्ही दारं बराच वेळ एकदम उघडी. शर्यतवाल्या मालकानं झडपा हलवणारा दांडा बदलून घेतला होता आणि खालचा धुराचा नळाही आखूड, जाड बसवला होता, फेरे खूप वर गेले की इंजिनानं जास्त जोर द्यावा म्हणून.

नळा पाहिल्यावर मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. पाण्याच्या उंच नळीवर नादकाटा धरून आम्ही पाणी खाली-वर करत असू. हवेचा खांब एका ठरावीक लांबीचा झाला की नळी घुमायची. मी बाबांना सांगितलं, धुराचा प्रत्येक धक्का नळ्याच्या टोकापर्यंत जातो आणि परत फिरतो. कधी तो ओढ घेऊन परततो, कधी ढकल घेऊन. सव्वीसशे फेऱ्यांना तो नेमका ढकल घेऊन अशा वेळी येत असेल, जेव्हा दोन्ही झडपा उघड्या आहेत. मग तो जळका वायू आणि पेट्रोल, दोन्ही मागं ढकलतो.

बाबांनी नळ्यावरून हात फिरवला. "मंग नळा लांब केला तं?"

"परत यायला वेळ लागेल. खड्डा खाली सरकेल. कमी फेऱ्यांवर येईल."

"येईल का यायला पाह्यजे?"

"यायला पाहिजे."

त्यांनी भट्टीवर लोखंडी नळीचा एक तुकडा घडवून नळ्याला जोडला, दोन हात लांबीचा. त्या आठवड्यात मी दिवस मोजत होते. माझं चुकलं असतं तर आमच्याकडे पुढं काही नव्हतं आणि शिवरात्र जवळ आली होती. मोजलं. खड्डा एकवीसशेवर आला होता. नळी काढली, तो परत सव्वीसशेवर गेला. पुन्हा लावली, पुन्हा खाली. इंजिनात काही मोडलेलं नव्हतंच. एका कामासाठी बदललेलं इंजिन दुसऱ्या कामाला लावलं होतं, एवढंच. मी ओंडक्यावर बसले आणि बाबांनी आपल्या डब्यातली गुळाचा खडा फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवली.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी बाबांनी नळी काढून गाडी पुन्हा पहिल्यासारखी केली आणि बाबूजींना शेडमध्ये बोलावून आणलं. हात अजून प्लास्टरात होता. जिन बंद होता तरी हमाल, गाडीवान असे वीसेक लोक जमले. बाबांनी बाबूजींना ड्रायव्हरच्या जागेवर बसायची विनंती केली.

"मिस्त्री, माझा हात..."

"हाताचं काम नाई बाबूजी. पायाचं हाये. पेडल पूरं खाली दाबा अन् मी सांगेपर्यंत सोडू नका."

बाबूजींनी दाबलं. इंजिन गर्जत वर गेलं. बाबांनी दोर आवळायला सुरुवात केली. तीन हजार. एकोणतीसशे. मग आवाज एकदम पडला. सगळ्यांनी ऐकला. देवळीच्या रस्त्यावर पडला असेल तसाच. गाडीत कुणीतरी पाय काढावा तसा.

बाबा दोर धरून ओरडून म्हणाले, "पाय कुठी हाये बाबूजी?"

बाबूजी खाली वाकून आपल्या बुटाकडे पाहत होते. बूट पेडलसकट तळाला टेकलेला होता. त्यांनी आणखी दाबून पाहिलं. इंजिन तसंच धापत राहिलं.

"खालीच आहे," ते म्हणाले.

बाबांनी दोर सोडला, इंजिन बंद केलं. शेडमध्ये पुलीवरच्या पाण्याची चुरचुर तेवढी ऐकू येत होती. बाबूजी उतरले नाहीत. स्टिअरिंगवर चांगला हात ठेवून बसून राहिले. मग सगळ्यांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "किसननं पाय काढला नव्हता. मी चुकीचं बोललो."

पुढं गाडीला लांब नळा कायमचा बसवला गेला आणि पुढच्या हंगामाआधी ती विकलीही गेली. बाबूजींनी काकांना परत बोलावलं, पण ते गेले नाहीत. त्यांनी सरकारी बसवर नोकरीसाठी अर्ज केला आणि आर्वीच्या रस्त्यावर पुष्कळ वर्षं बस चालवली. मी त्यांच्या बसमधून कितीदा तरी गेले.

पण शिवरात्रीच्या आधीच्या त्या दिवशी शेडमधून निघाल्यावर बाबूजी आमच्याबरोबर नाचणगावला आले. पायी आले. काका ओट्यावर बसले होते. बाबूजींनी शेडमध्ये जे म्हटलं तेच त्यांच्यासमोर पुन्हा म्हटलं. काकांनी ऐकून घेतलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. मग ओट्यावरून उठत, "माह्या बायकोलेबी सांगून द्या बाबूजी. तिनं लय सोसलं."

गिरजाकाकू दारात आली. हात पिठानं भरलेले. बाबूजी तिला म्हणाले, "बाई, तुमच्या माणसाची काही चूक नव्हती. त्यानं पाय काढला नव्हता."

ती शांतपणे म्हणाली, "मले काऊन सांगता? मले तं पहिल्या दिवसापासूनच ठाऊक हाये." आणि पिठाच्या हातानं तिनं गल्लीकडे बोट केलं. "त्यायले सांगा."

बाबूजींनी गल्लीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना मिळून चौदा घरं होती. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, पहिल्या घराशी गेले आणि चांगल्या हातानं कडी वाजवली.